फेरअर्जाची परंपरा : धारवाडच्या अर्जापासून महाडीबीटीच्या 'सेंड बॅक'पर्यंत

शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारला गेला की आपल्या वस्तीत दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. 'जाऊ दे, आपल्या नशिबातच नव्हतं,' ही पहिली. 'हे सरकारच मनुवादी, यांच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची,' ही दुसरी. पहिली बहुधा आई-वडिलांची असते आणि दुसरी आपल्यासारख्या कार्यकर्त्यांची. पहिलीत शरणागती आहे, दुसरीत संताप आहे. पण शेवट दोन्हींचा एकच होतो. फेरअर्ज कोणी करत नाही, मुदत निघून जाते, महाविद्यालय फी मागते आणि पोरगा किंवा पोरगी तारापूरच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराकडे नाव नोंदवते.

पालघर आणि बोईसर या दोन स्थानकांच्या मध्ये असलेल्या उमरोळी परिसरात आम्ही काम करतो. तिथे जे दिसते त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. नकार आल्यावर 'का?' असे लेखी विचारणे आणि वरच्या दाराशी जाणे हे भीक मागणे नव्हे. तो आपल्या चळवळीचा जुना मार्ग आहे. आपल्याला मिळालेल्या शिक्षणविषयक हक्कांच्या मागे कुणाचा ना कुणाचा अर्ज, फेरअर्ज किंवा अपील उभे आहे. हा इतिहास ठाऊक नसल्यामुळेच आपली मुले पहिल्या नकाराला शेवटचा निकाल समजतात. म्हणून तो इथे क्रमाने मांडत आहोत.

धारवाड, १८५६

जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. मागणी साधी होती, सरकारी शाळेत प्रवेश. शाळेने तो नाकारला होता. म्हणजे हा अर्ज मुळातच शाळेच्या नकाराविरुद्ध केलेले अपील होते.

२१ जुलै १८५६ रोजी मुंबई सरकारने ठराव केला. तो ठराव प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. तत्त्वाच्या पातळीवर न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. आणि तरीही प्रवेश नाकारला. कारण काय? युगानुयुगांचे पूर्वग्रह एका-दोघांसाठी मोडायला गेले तर बाकीचे विद्यार्थी शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. थोडक्यात, 'तुझं बरोबर आहे, पण तुला देता येत नाही.' आजच्या कचेरीतले उत्तर याहून फारसे वेगळे नसते.

प्रकरण तिथे संपले नाही. कागद कलकत्त्याला भारत सरकारकडे गेला. २३ जानेवारी १८५७ च्या पत्रात भारत सरकारने मुंबई सरकारला उघड दोष दिला नाही, पण बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, असे कळवले. पुढे विषय थेट लंडनला, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळापर्यंत पोहोचला. २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यात संचालकांनी स्पष्ट केले, की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून मागे हटता येणार नाही.

धारवाड, मुंबई, कलकत्ता, लंडन असा त्या अर्जाचा प्रवास झाला. खलित्यानंतर गावोगावच्या शाळांचे दरवाजे उघडले का? नाही. तत्त्व कागदावर आले, अंमल आला नाही. पण तत्त्व कागदावर आले म्हणून पुढच्या पिढ्यांना त्यावर बोट ठेवून भांडता आले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन सादर करताना बाबासाहेबांनी हेच धारवाडचे प्रकरण पुराव्यादाखल मांडले. बहात्तर वर्षांपूर्वी नाकारलेला एक अर्ज बाबासाहेबांच्या हातात पुरावा झाला. अर्ज नाकारला गेला तरी त्याची नोंद राहिली पाहिजे, ती यासाठी.

पात्रता कोण ठरवतो? जोतीरावांचा प्रश्न

शाळेचे दार तत्त्वतः उघडले की पुढचा प्रश्न येतो तो पैशाचा. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवरच बोट ठेवले. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच या पद्धतीचा फायदा होतो आणि बाकीचे मागे राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या समाजात शिक्षणाचा प्रसारच झालेला नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य दिसते, पण त्यातून मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पोहोचत नाही, हेही त्यांनी सांगितले.

जोतीरावांचा आक्षेप एखाद्या विद्यार्थ्याच्या अर्जापुरता नव्हता. तो पात्रतेच्या निकषावर होता. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर असेल, पण नियमच चुकीचा असेल तर? अशा वेळी अपील नियमाविरुद्ध करावे लागते. फेरविचाराच्या मागणीचे हे दोन प्रकार नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. एक, 'नियम मला चुकीचा लावला.' दुसरा, 'नियमच चुकीचा आहे.' पहिल्यासाठी एका विद्यार्थ्याचा अर्ज पुरतो. दुसऱ्यासाठी संघटना लागते.

बाबासाहेब : मुदत, परवानगी आणि परत आलेला प्रबंध

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपण जयंतीला सांगतो ती बहुधा बुद्धिमत्तेची आणि अठरा तासांच्या अभ्यासाची असते. तीच गोष्ट शिष्यवृत्तीच्या अंगाने वाचून पाहा.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. जगातल्या नामांकित संस्थेत शिकणारा विद्यार्थी, आणि अडले कशावरून? बुद्धीवरून नव्हे, मुदतीवरून.

त्यांनी त्या वेळी काय केले, ते महत्त्वाचे. 'आता शिक्षण संपले' असे म्हणून ते निघाले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली आणि मगच जहाजात बसले. दार बंद होत असताना त्यात पाय अडकवून ठेवायचा, तो असा. पुढे बडोद्यात त्यांचा झालेला छळ सर्वांना माहीत आहे. मग सिडनहॅम कॉलेजातली नोकरी, पोटाला चिमटा घेऊन केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते लंडनला परतले. खिशातली ती परवानगी नसती तर साठवलेल्या पैशाचा उपयोग झाला असता का?

दुसरा प्रसंग त्याहून बोलका आहे. १९२२ च्या अखेरीस त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितले. निष्कर्ष बदलायचे नव्हते, मांडणी बदलायची होती. पैसे संपत आले होते. ते मुंबईला आले, प्रबंध नव्याने लिहून पाठवला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. आजच्या भाषेत सांगायचे तर बाबासाहेबांचा प्रबंध 'सेंड बॅक' झाला होता. त्यांनी निष्कर्ष सोडले नाहीत, कागद दुरुस्त केला आणि पुन्हा पाठवला. मोबाइलवर 'सेंड बॅक' दिसल्यावर पोर्टल बंद करून टाकणाऱ्या आपल्या भावा-बहिणींनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

एकट्याच्या अर्जाचे धोरण होते तेव्हा

बाबासाहेब स्वतःच्या शिष्यवृत्तीवर थांबले नाहीत. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात आल्यावर त्यांनी शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत सरकारला आकड्यांनिशी जाब विचारला. सरकार जी थोडीफार मदत देते ती ज्याच्यासाठी आहे त्या मुलाच्या शिक्षणापर्यंत खरोखर पोहोचते का, हा त्यांचा प्रश्न होता आणि वसतिगृहांवर त्यांचा भर होता. सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह १९२५ मध्येच सुरू केले होते. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर त्यांनी काम केले आणि त्या समितीने १९३० मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी या दोन्ही समाजांच्या स्थितीवर अहवाल दिला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तीन महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले. अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना केंद्र सरकार दरवर्षी लाखोंचे अनुदान देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, असा त्यातला युक्तिवाद होता. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये, अशी नेमकी मागणी होती. सरकारने तीन लाखांची तरतूद केली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज उमरोळीची मुलगी महाडीबीटीवर जी 'भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती' भरते तिचे मूळ या निवेदनात आहे.

तेव्हा शिष्यवृत्तीला 'सरकारी मेहरबानी' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचे असेल तर ही तारीख पाठ करा. ही शिष्यवृत्ती कुणाच्या दयेतून आलेली नाही. ती एका लेखी मागणीतून आली आहे, आकडे आणि युक्तिवाद मांडून केलेल्या मागणीतून.

चौतीस वर्षांचे अपील

आता या इतिहासातले सर्वांत मोठे अपील. ते एका विद्यार्थ्याचे नव्हते, एका समाजाचे होते.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अट होती, की हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही. शिखांतील काही जातींना अपवाद होता, तो १९५६ मध्ये विस्तारला. बौद्धांना अपवाद नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या कागदावर ते सारे अपात्र ठरले. घर तेच, वस्ती तीच, गावकीचा बहिष्कार तोच. बदलला होता तो फक्त फॉर्ममधला धर्माचा रकाना.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. म्हणून राज्यात शिकणाऱ्यांना आधार मिळाला, पण केंद्राचे दार बंदच राहिले. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी सत्याग्रह केला. तो आपल्याला भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून माहीत आहे. पण त्याच्या मागणीपत्रात, धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, हीसुद्धा मागणी होती. निवेदने गेली, शिष्टमंडळे गेली, मोर्चे निघाले, संसदेत प्रश्न विचारले गेले. अखेर १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना, कायद्यात दुरुस्ती होऊन 'बौद्ध' हा शब्द त्या आदेशात आला.

चौतीस वर्षे! या काळात केंद्राच्या किती जागा, किती शिष्यवृत्त्या आपल्या माणसांच्या हातून गेल्या असतील? हे अपील आपण जिंकलो ते दोन्ही पाय वापरले म्हणून. एक पाय रस्त्यावर होता, दुसरा कागदावर. नुसते मोर्चे काढले असते आणि मागणी नेमकी लिहिली नसती तर कायद्यात कोणता शब्द घालायचा हे कुणी सांगितले असते?

उमरोळीत नकार कसा येतो

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याची कचेरी म्हणजे ठाणे. एका कागदासाठी ठाण्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि साहेब जागेवर नसले तर दोन दिवसांची. आज जिल्हाधिकारी कार्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला, म्हणजे उमरोळीच्या शेजारी आले आहे. अर्ज तर मोबाइलवरच भरता येतो. मग नकार कमी झाले का? नकाराचे स्वरूप बदलले. पूर्वी कारकून नकार देत असे, आता पडदा देतो. कारकुनाला निदान 'का?' असे विचारता येत होते.

आमच्या भागात नकाराची कारणे बहुतेक वेळा तीच तीच असतात.

पहिले, उत्पन्न. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१३ पासून अडीच लाख रुपये आहे. महिन्याला वीस हजार आठशेच्या आसपास. बाप तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे आणि आई पॅकिंगच्या कामावर, त्यात चार महिने ओव्हरटाइम मिळाला, की हे कुटुंब कागदावर 'सधन' होते. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. कारखाना यंदा बंद पडला, बापाचा हात यंदा मशीनमध्ये गेला, तर ते त्या दाखल्यात दिसत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. तिला आपण फ्रीशिप म्हणतो. ती महाडीबीटीवरच आहे. शिष्यवृत्तीला अपात्र ठरलेली कितीतरी मुले फ्रीशिपला पात्र असतात, पण 'रिजेक्टेड' वाचून थांबतात.

दुसरे, जातीचा दाखला. बोईसरच्या कारखान्यांसाठी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली आपली कुटुंबे इथे वर्षानुवर्षे राहतात. मुले इथेच जन्मली. पण दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि दाखलाही मूळ गावच्या अधिकाऱ्याकडून आणावा लागतो. ज्या आजोबांना गावाने शाळेच्या ओट्यावर बसू दिले नाही त्यांच्या शाळेचा दाखला आता नातवाकडे मागितला जातो! आदिवासी बांधवांची अडचण याच जातीची आहे. त्यांच्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख आहे. पालघर हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. म्हणून हा प्रश्न बौद्ध वस्तीचा तेवढाच वारली-कातकरी पाड्याचा आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

तिसरे, कागदातली खोट. नावातल्या एका अक्षराचा फरक, आधारशी न जोडलेले बँक खाते, अस्पष्ट स्कॅन. ही कारणे पात्रतेची नाहीतच. ती दुरुस्त होतात. पण महाविद्यालयाच्या लॉगिनवर अर्ज पडून राहतो, 'सेंड बॅक' होतो, विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही, आणि तारीख संपते.

दाद कुठे मागायची

कायदा काय देतो ते थोडक्यात पाहू.

उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला वेळेत मिळाला नाही वा नाकारला, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू होतो. नाकारायचे असेल तर अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे लागते. त्यावर तीस दिवसांत पहिले अपील, तिथे न्याय झाला नाही तर पुन्हा तीस दिवसांत दुसरे, आणि त्यानंतर साठ दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

जातीचा दाखलाच नाकारला तर २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमात तीस दिवसांच्या अपिलाची स्वतंत्र तरतूद आहे. मात्र पडताळणी समितीने वैधता नाकारली, तर त्या निर्णयाविरुद्ध फक्त उच्च न्यायालयात जाता येते. म्हणून समितीपुढची सुनावणी हलक्यात घेऊ नका.

खुद्द शिष्यवृत्तीच्या नकारासाठी तक्रारीची खिडकी पोर्टलवर आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी फेरअर्ज द्यावा, मग प्रादेशिक उपायुक्त, मग पुण्याचे आयुक्त. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी डहाणूचा प्रकल्प अधिकारी, ठाण्याचे अपर आयुक्त, नाशिकचे आयुक्त असा क्रम आहे. कारणच कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर पहिले अपील.

अर्जात भाषणे नकोत. अर्जाचा क्रमांक, तारीख, पडद्यावरच्या नकाराची छापील प्रत, नियमातली कोणती अट आपण पूर्ण करतो ते एका वाक्यात, सोबतच्या कागदांची यादी, आणि 'कारणांसह लेखी निर्णय द्यावा' ही विनंती. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये.

'अर्ज करून काय होतं?'

आमच्या बैठकांत हा प्रश्न तरुण कार्यकर्ते हमखास विचारतात. व्यवस्था जातीयवादी आहे, तिच्याच दारात कागद घेऊन कशाला उभे राहायचे? प्रश्न खोटा नाही. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्‌महिने अडली होती. १७ जानेवारी २०१६ च्या शेवटच्या पत्रातही ती थकबाकी त्याने नोंदवली होती. अडवलेले पैसे हा जातीचा एक जुना दांडका आहे, हे आम्ही नाकारत नाही.

पण दुसरी उदाहरणेही पाहा. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेला एक दलित विद्यार्थी कार्डातल्या तांत्रिक बिघाडामुळे वेळेत फी भरू शकला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २२ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अठ्ठेचाळीस तासांत त्याला जागा देण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा साडेसतरा हजार रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून गेली. तो अनुसूचित जाती आयोगाकडे गेला, झारखंडमध्ये गेला, मद्रास उच्च न्यायालयात गेला, शेवटी दिल्लीला गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्याला प्रवेश मिळाला. या दोघांनी व्यवस्थेवर विश्वास ठेवला म्हणून ते जिंकले असे नव्हे. त्यांनी पहिला नकार शेवटचा मानला नाही.

मात्र प्रत्येक मुलाने दिल्ली गाठावी अशी अपेक्षा करणे हाही अन्यायच आहे. दाद जवळ आणि स्वस्त असली पाहिजे. बाबासाहेब ज्या अमेरिकेत शिकले तिथे आज घरातल्या कमावत्याची नोकरी गेली किंवा आजारपण आले तर विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाकडे आर्थिक मदतीच्या फेरविचाराची विनंती करू शकतो. २०२३-२४ पासून तिथल्या महाविद्यालयांना अशा विनंत्या सरसकट फेटाळण्याचे धोरण ठेवता येत नाही, आणि अशी सोय आहे हे विद्यार्थ्यांना सांगावेही लागते. तिथेही सगळे आलबेल नाही, निर्णय शेवटी महाविद्यालयाच्याच हातात असतो. पण 'परिस्थिती बदलली, पुन्हा बघा' असे म्हणायला तिथे जागा आहे. तारापूरच्या कामगाराच्या मुलीला ती जागा आपल्या नियमांत का नसावी?

आपली मागणी, आपले काम

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. महाडीबीटीवर प्रत्येक नकारासोबत नियमाचा हवाला देऊन मराठीत कारण द्या. तिथेच अपिलाची सोय ठेवा आणि निर्णयाला मुदत घाला. चालू वर्षात रोजगार गेला असेल तर उत्पन्नाचा फेरविचार करा. अपील प्रलंबित असेपर्यंत फीसाठी परीक्षेचा अर्ज किंवा निकाल अडवू नका. आणि २०१३ ची अडीच लाखांची मर्यादा महागाईनुसार वाढवा. यातल्या पहिल्या चार मागण्या जोतीरावांच्या काळापासून चालत आलेल्या 'कागद कुणाच्या हातात' या भांडणाच्या आहेत, आणि पाचवी त्यांच्या निकषाच्या प्रश्नाची.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीतल्या कोणत्या विद्यार्थ्याने कधी अर्ज केला, कुठे अडला, कारण काय दिले, फेरअर्ज कोणत्या तारखेला गेला, पोच आहे का, एवढ्याच नोंदी. दहावी-बारावीच्या निकालानंतर दोन महिने आठवड्यातून एक संध्याकाळ दोन शिकलेल्या तरुणांनी तिथे बसावे. जयंतीच्या वर्गणीतून एक छोटा स्कॅनर येतो. पाड्यावरच्या मुलांनाही बोलवा, त्यांचे अर्जही आपलेच समजा.

वर्षाअखेर त्या वहीत चाळीस नकार एकाच कारणाचे निघाले, तर तो चाळीस मुलांचा प्रश्न राहत नाही, तो नियमाचा प्रश्न होतो. मग तीच वही घेऊन कोळगावला जायचे. धारवाडच्या त्या मुलाचा अर्ज एकटाच लंडनपर्यंत गेला होता. आपल्याला जायचे आहे ते शेजारच्या गावापर्यंत, आणि आपण एकटे नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!